ग्रीनचे हजार, वॉरियर्सचे ८८२ : प्लस-मायनसचा एक प्रकरण अभ्यास

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या २०१५-१६ च्या मोसमात गोल्डन स्टेट वॉरियर्सने ८२ पैकी ७३ सामने जिंकले आणि शिकागो बुल्सचा १९९५-९६ मधला ७२ विजयांचा विक्रम मोडला. मोसमभरात त्यांनी ९४२१ गुण केले, ८५३९ दिले. वजाबाकी ८८२. म्हणजे सामन्यामागे जवळपास पावणेअकरा गुणांनी सरस.

त्याच मोसमात त्यांच्या ड्रेमंड ग्रीनच्या नावापुढचा प्लस-मायनस, म्हणजे तो कोर्टवर असताना संघाने केलेल्या आणि दिलेल्या गुणांतला फरक, १०७० च्या घरात होता.

सगळ्या संघाची कमाई ८८२ आणि एकट्या गड्याच्या नावावर त्याहून जास्त, हे वाचून पहिल्यांदा छापण्यात काहीतरी गडबड झाली असं वाटतं. पण आकडा बरोबर आहे. ग्रीन कोर्टवर असताना वॉरियर्स हजारावर गुणांनी पुढे राहिले आणि तो बेंचवर बसलेला असताना त्यांनी त्यातले दोनशेच्या आसपास गुण परत घालवले. ज्या संघाने ७३ सामने जिंकले, तो संघ ग्रीन बसल्यावर हरणारा संघ होता. निदान हिशेब तरी तसं सांगतो. या हिशेबावर किती विसंबायचं, हे पाहायला याच्याइतकं चांगलं प्रकरण दुसरं मिळणार नाही.

आकडा काढायची रीत अगदी साधी आहे. खेळाडू आत आला तेव्हा फलक बघायचा, बाहेर गेला तेव्हा पुन्हा बघायचा. समजा तो आला तेव्हा संघ ४०-४४ असा चार गुणांनी मागे होता आणि तो गेला तेव्हा ५८-५३ असा पाचाने पुढे होता, तर त्या पाळीचे त्याला अधिक ९. मधल्या काळात त्याने स्वतः एकही बास्केट केली नसली तरी ९, आणि सगळ्या बास्केट त्याच्याच असल्या तरी ९. कोर्टवरच्या पाचही जणांच्या खात्यात तेवढेच पडतात. म्हणून एखाद्या सामन्यातल्या सगळ्या खेळाडूंच्या प्लस-मायनसची बेरीज ही सामन्यातल्या फरकाच्या बरोबर पाचपट येते. वॉरियर्सच्या मोसमाची बेरीज ८८२ नव्हे, ४४१०. ग्रीनचे १०७० हे या ४४१० पैकी, म्हणजे जेमतेम पाव हिस्सा. वरचं कोडं असं अर्धं तिथेच सुटतं.

ही कल्पना बास्केटबॉलची नव्हे, आइस हॉकीची. माँट्रियल कॅनेडियन्स संघ १९५० च्या दशकात असा हिशेब ठेवत असे आणि १९६७-६८ पासून त्यांच्या लीगने तो अधिकृत केला. एनबीएच्या छापील बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यात, हा रकाना आला तो पार २००७-०८ मध्ये. तेव्हापासून सामना संपला की लोक आधी त्या शेवटच्या रकान्यावर नजर टाकतात आणि मग भांडतात. एका सामन्यातला प्लस-मायनस म्हणजे निव्वळ गोंधळ, हे माझं ठाम मत आहे. समोरच्या संघाचे चार तीन-गुणी फटके तुमच्या पाळीत बसले आणि पुढच्याच्या पाळीत हुकले, तर तुम्ही वजा आणि तो अधिक. दोघांच्या खेळात काडीचा फरक नसतो. म्हणून इथे आपण मोसमभराचा आकडा घेतला आहे.

आता ग्रीनचा आकडा मिनिटांवर पसरून पाहू. तो ८१ सामने खेळला, सामन्यामागे ३४.७ मिनिटं, एकूण २८०० च्या थोडं वर. तेवढ्यात अधिक १०७०, म्हणजे दर ४८ मिनिटांना, एका पूर्ण सामन्याला, अठरा गुणांची आघाडी. जादा वेळ धरून संघाची उरलेली मिनिटं साडेअकराशेच्या आसपास. त्यात संघ वजा १९० च्या जवळ, म्हणजे सामन्याला आठ गुणांची पिछाडी. त्याच मोसमात फिलाडेल्फियाचा संघ ८२ पैकी ७२ सामने हरला आणि त्यांचा सरासरी फरक वजा दहाच्या आसपास होता. म्हणजे ग्रीन असताना इतिहासातला सर्वोत्तम संघ, आणि तो नसताना तळातल्यांच्या पंगतीला बसणारा.

इतका मोठा फरक दिसला की मला आधी संशय येतो. कारण ग्रीनचा नेहमीचा ताळेबंद काही डोळे दिपवणारा नाही. सामन्याला १४ गुण, ९.५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू), ७.४ असिस्ट (बास्केट घडवणारे पास). चांगला आहे, पण त्याच संघात स्टेफन करी सामन्याला ३०.१ गुण करत होता, मोसमात ४०२ तीन-गुणी मारत होता, आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याला एकमताने मिळाला. तसा तो मिळवणारा तो पहिलाच. क्ले थॉम्पसनचे गुण २२ च्या वर. ग्रीन गुणांच्या यादीत तिसरा. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला ३५ व्या क्रमांकापर्यंत कोणी विचारलं नव्हतं. वॉरियर्सनीच त्या वर्षी त्याच्याआधी हॅरिसन बार्न्स आणि फेस्टस एझेली अशी दोन नावं उचलली होती. उंची सहा फूट सात इंच, म्हणजे रस्त्यावर राक्षस, पण ज्या जागी तो खेळायचा तिथे बुटकाच.

मग हे हजार आले कुठून? दोनच शक्यता. एक तर तो असं काही करत होता जे बॉक्स स्कोअरमध्ये कुठेच चढत नाही. नाहीतर दुसऱ्यांनी कमावलेलं त्याच्या नावावर चढत होतं. दोन्ही खरं आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे.

जे रकान्यात बसत नाही

पहिल्या शक्यतेसाठी वॉरियर्सचा एकच डाव जवळून पाहू. तो ते सामन्यात कितीतरी वेळा खेळत.

करी चेंडू घेऊन तीन-गुणी रेषेच्या बाहेर उभा. ग्रीन पुढे येऊन त्याच्या बचावपटूच्या वाटेत घट्ट उभा राहतो, म्हणजे स्क्रीन लावतो. करी त्याच्या कडेने निसटतो. दुसरा कोणी असता तर ग्रीनचा बचावपटू मागे थांबून पेंट, म्हणजे रिंगखालचा पट्टा, सांभाळत बसला असता. पण हा करी आहे, रेषेच्या चार पावलं मागूनही मारतो. म्हणून दोघेही बचावपटू त्याच्यावर धावून जातात. करी त्यांच्या हातांवरून चेंडू ग्रीनकडे सोडतो. ग्रीनला तो फ्री थ्रो रेषेच्या आसपास मिळतो आणि त्या क्षणी चित्र असं असतं : वॉरियर्सचे चार, समोर तीन. बचावाचे दोन गडी मागे करीपाशी अडकलेले.

पुढचं सगळं ग्रीनच्या डोक्यावर. समोरचा उंच सेंटर त्याच्या अंगावर आला, तर चेंडू उंच फेकून रिंगजवळ उभ्या अँड्र्यू बोगटकडे, म्हणजे वॉरियर्सच्या सेंटरकडे. सेंटर जागेवर थांबला, तर ग्रीन स्वतः आत घुसणार. कोपऱ्यातला बचावपटू एक पाऊल आत सरकला, तर चेंडू कोपऱ्यात, तिथे थॉम्पसन किंवा बार्न्स. निर्णयाला सेकंदभरही वेळ नसतो. त्या मोसमात संघात सर्वांत जास्त असिस्ट करीचे नव्हते, ग्रीनचे होते, आणि त्यांतले कित्येक याच जागेवरून निघालेले. शिवाय तो ३९ टक्क्यांच्या जवळ तीन-गुणी मारत होता, त्यामुळे त्याला मोकळं सोडायचीही सोय नव्हती.

आता हिशेब बघा. कोपऱ्यातून थॉम्पसनने तीन मारले : थॉम्पसनला तीन गुण, ग्रीनला एक असिस्ट. ज्या स्क्रीनने बचाव फुटला, तिची नोंद नाही. करीवर दोघे धावले म्हणून हे घडलं, त्याचीही नोंद नाही. प्लस-मायनसमध्ये मात्र पाचही जणांना अधिक तीन.

बचावात तर बॉक्स स्कोअर जवळपास आंधळाच. ब्लॉक (अडवलेले फटके) आणि स्टील (हिसकावलेले चेंडू) सोडले तर काहीच दिसत नाही. ग्रीनचं खरं दुकान तिथेच होतं. समोरच्यांनी स्क्रीन लावली की तो सरळ सोबत्याशी अडवायच्या गड्यांची अदलाबदल करायचा. चेंडू नेणारा चपळ गार्ड असो की सात फुटी सेंटर, दोघांपुढेही टिकायचा. त्या वर्षीच्या सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात तो कवाय लेनर्डच्या मागे दुसरा आला. त्याच्यामुळेच वॉरियर्सना उंच सेंटर बसवून ठेवून करी, थॉम्पसन, आंद्रे इग्वोडाला, बार्न्स आणि ग्रीन अशी पाचांची फळी उतरवता यायची, जिला लोक डेथ लाइनअप म्हणू लागले. २०१५ च्या अंतिम मालिकेत १-२ असे मागे पडल्यावर चौथ्या सामन्यात त्यांनी बोगटला बसवून हीच फळी पहिल्या मिनिटापासून उतरवली आणि सलग तीन सामने जिंकून मालिका घेतली. सेंटरच्या जागी ग्रीन उभा राहिला नसता तर ही चैन परवडलीच नसती. मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब इग्वोडालाला मिळाला. तोही ठीकच, पण बोगटची जागा भरून काढणारा माणूस ग्रीन होता.

त्याची गोष्ट सुरू झाली तीच एका अदलाबदलीने. २०१४ च्या मोसमाआधी डेव्हिड लीचा पायाचा स्नायू दुखावला. ली म्हणजे २०१३ चा ऑल-स्टार, गुण आणि रिबाउंड दोन्हींत भरभक्कम. त्याच्या जागी ग्रीन सुरुवातीच्या पाचांत आला आणि संघ ५१ विजयांवरून ६७ वर गेला. ग्रीनचे चाहते हा दाखला नेहमी देतात. मी जरा हात राखून देईन, कारण त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षकही बदलला होता. मार्क जॅक्सन गेले, स्टीव्ह कर आले, खेळायची सगळी पद्धत बदलली. एकाच वेळी दोन गोष्टी हलल्या की श्रेय कोणाचं हे सांगता येत नाही. (जाता जाता : हा संघ २०१० मध्ये ज्या गटाने विकत घेतला, त्यात मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवेही होते. २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज घ्यायला त्यांनी हा हिस्सा सोडला, आणि पुढची सगळी दिवाळी हुकली. ते किंग्ज मग २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये येऊन खेळून गेले.)

जे दुसऱ्यांचं आहे

आता दुसरी शक्यता. त्या मोसमात प्लस-मायनसमध्ये ग्रीनच्या पाठोपाठ कोण होतं? करी. तोही हजारापलीकडे. दोघांतला फरक शंभराच्याही आत, आणि ग्रीन त्याच्यापेक्षा शंभरएक मिनिटं जास्त खेळला होता. दोघांबरोबर संघ दर सामन्याला अठराच्या आसपास पुढे जात होता, तेव्हा त्या शंभर मिनिटांतच चाळीसेक गुण येतात. म्हणजे ग्रीन यादीत पहिला आणि करी दुसरा, याचा मोठा भाग निव्वळ हजेरीचा. यावरून ग्रीन करीपेक्षा सरस ठरवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, विषय बदलतो.

खरी अडचण पुढे आहे. ग्रीनची बहुतेक मिनिटं करीबरोबर आणि करीची बहुतेक मिनिटं ग्रीनबरोबर. दुकानात एकाच खात्यावर दोन भाऊ किराणा नेत असतील तर महिन्याच्या शेवटी वहीत एकूण बाकी कळते, कोणी किती नेलं ते कळत नाही. एक भाऊ गावाला गेला त्या आठवड्यातल्या नोंदी पाहिल्या तरच काही उमगतं. प्लस-मायनसचंही तेच. दोघे एकत्र असतानाच्या मिनिटांतून वाटणीबद्दल काहीच हाती लागत नाही. जी काही माहिती आहे ती फक्त दोघे वेगळे असतानाच्या मिनिटांत, आणि ती मिनिटं थोडी.

त्यातही ग्रीन नसतानाची ती साडेअकराशे मिनिटं सगळी एका जातीची नाहीत. काही मिनिटं दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीची, जिथे वॉरियर्सचा राखीव संच समोरच्या राखीव संचाशी झगडत होता. काही मात्र सामना केव्हाच संपल्यानंतरची. हा संघ इतक्या वेळा वीस-पंचवीसने पुढे असायचा की करी आणि ग्रीन चौथ्या क्वार्टरमध्ये कित्येकदा टॉवेल गळ्यात घालून बसलेले दिसायचे. आत मॅरीस स्पाइट्स, इयन क्लार्क, मॅकअडू अशी मंडळी. समोरचा हरलेला संघ जीव तोडून खेळतोय आणि इकडच्यांना घड्याळ संपायची घाई. पंचवीसची आघाडी सतरावर आली तरी विजय तो विजयच. पण हिशेबात ते आठ गुण ‘ग्रीन नसताना गमावले’ असे चढले. वजा १९० मधले काही गुण अशा फुकटच्या मिनिटांचे आहेत यात मला शंका नाही. उलट दुसऱ्या बाजूने, वॉरियर्सची राखीव फळी शॉन लिव्हिंगस्टन आणि इग्वोडाला सोडले तर पातळ होती हेही खरं. ग्रीनच्या आकड्यात त्या फळीचं दुबळेपण मिसळलेलं आहे. तोच ग्रीन चांगली बेंच असलेल्या संघात असता, तर कोर्टवरचा आकडा तेवढाच राहून ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांतली दरी अर्ध्याने कमी दिसली असती.

एक भाऊ गावाला गेला तेव्हा

सुदैवाने या प्रकरणात दैवानेच काही प्रयोग करून ठेवले. दोघांपैकी एक पूर्ण सामनाभर नव्हता, असे सामने मोजण्याइतके आहेत.

आधी ग्रीन आहे, करी नाही. नियमित मोसमात असे तीन सामने. ३० डिसेंबर २०१५ ला डॅलसमध्ये ९१-११४ असा सपाटून मार, दुसऱ्याच दिवशी ह्यूस्टनमध्ये ११४-११० असा विजय, मार्चच्या पहिल्या तारखेला अटलांटाविरुद्ध जादा वेळेत १०९-१०५. डिसेंबरच्या त्या दोन्ही सामन्यांत बार्न्सही घोट्याच्या दुखापतीने बाहेर होता. तीन सामन्यांची बेरीज वजा १५.

मग प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीच्या मालिका, आल्या आणि करी दोनदा जखमी झाला. ह्यूस्टनविरुद्ध पहिल्या सामन्यात घोटा, आणि दोन सामने बाहेर बसून चौथ्यात परतला तर मध्यंतराच्या तोंडावर ओल्या जागेवरून घसरून गुडघा. तो सामना मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. मध्यंतराला फलक ५६-५६. करी लंगडत आत गेला, परतला नाही. दुसऱ्या अर्धात वॉरियर्स ६५, ह्यूस्टन ३८. वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये, आणि संघ चोवीस मिनिटांत सत्तावीस गुणांनी पुढे.

करीविना पूर्ण खेळलेले प्लेऑफचे सहा सामने असे : ह्यूस्टनविरुद्ध अधिक ९, वजा १, अधिक ३३, पोर्टलंडविरुद्ध अधिक १२, अधिक ११, वजा १२. चार विजय, दोन हार, बेरीज अधिक ५२. नियमित मोसमातले तीन त्यात घातले तर नऊ सामन्यांत अधिक ३७, सरासरी चारच्या थोडं वर. तुलनेला मोसमाची सरासरी आहेच, पावणेअकरा. म्हणजे करी गेल्यावर संघ घसरतो, चांगलाच घसरतो, पण कोसळत नाही. सहा सामन्यांतले तिन्ही ह्यूस्टनचे सामने मोसमात ४१ जिंकून ४१ हरलेल्या मध्यम संघाविरुद्ध होते, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

या सहांतले पोर्टलंडचे दोन सामने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दुसऱ्या सामन्यात वॉरियर्स तीन क्वार्टरनंतर ७६-८७ असे मागे. चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांनी पोर्टलंडला बारा गुणांत गुंडाळलं, स्वतः ३४ केले आणि ११०-९९ असा सामना काढला. ग्रीनचे त्या दिवशीचे गुण १७. रिंगपाशी त्याने जी दारं लावली त्यांवर पोर्टलंड आपटत राहिलं. पुढच्या सामन्यात ग्रीनने ३७ गुण केले, आठ तीन-गुणी मारले, बॉक्स स्कोअर बघणाऱ्याला वाटावं की याने एकहाती जिंकून दिला. वॉरियर्स तो सामना १०८-१२० असा हरले. अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यातही हेच झालं : ग्रीन ३२ गुण, १५ रिबाउंड, ९ असिस्ट, क्लीव्हलँड ९३, वॉरियर्स ८९. गुणांवरून ग्रीनला ओळखायला जाणारा नेहमी चुकीच्या रात्री टाळ्या वाजवतो.

आता उलट बाजू : करी आहे, ग्रीन नाही. नियमित मोसमात असा एकच सामना. १३ जानेवारी २०१६, डेन्व्हर. तोवर ३६ जिंकून दोनच हरलेल्या संघाने ग्रीनला विश्रांती दिली. करीने ३८ गुण केले, तरी मोसमात पुढे ४९ सामने हरलेल्या त्या डेन्व्हरने ११२-११० असं हरवलं.

दुसरा सामना सगळ्यांना ठाऊक आहे. अंतिम मालिकेत वॉरियर्स ३-१ ने पुढे. चौथ्या सामन्याच्या शेवटी लेब्रॉन जेम्सशी झालेल्या झटापटीत ग्रीनचा हात गेला, लीगने तो फ्लॅग्रंट, म्हणजे गंभीर फाउल, ठरवला, प्लेऑफमधल्या अशा गुन्ह्यांचा कोटा भरला आणि पाचव्या सामन्यासाठी बंदी. १३ जूनला सामना ओकलंडमध्ये, घरच्या मैदानावर. ग्रीनला आत यायलाही मज्जाव, म्हणून तो शेजारच्या बेसबॉल स्टेडियमच्या एका कक्षात बसून टीव्हीवर बघत होता. मध्यंतराला ६१-६१. दुसऱ्या अर्धात क्लीव्हलँड ५१, वॉरियर्स ३६. जेम्स आणि कायरी अर्विंग यांचे प्रत्येकी ४१ गुण. अंतिम मालिकेच्या एकाच सामन्यात एकाच संघाच्या दोघांनी चाळिशी गाठल्याची ती पहिलीच वेळ. पेंटमध्ये शिरताना समोर आवाज करणारा, अदलाबदल करून अडवणारा माणूस नव्हता.

इथेही प्रयोग निर्भेळ नाही. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच बोगटचा गुडघा गेला, म्हणजे रिंग राखणारे दोन्ही गडी एकाच रात्री नाहीत. शिवाय ४१ आणि ४१ अशी रात्र ग्रीनपुढेही येऊ शकली असती. दोन सामने, वजा १७. करीविना नऊ सामन्यांत अधिक ३७. यावरून कोणी ‘ग्रीन मोठा’ असं लिहून मोकळा झाला तर त्याने दोन सामन्यांवर घर बांधलं.

समीकरणं काय म्हणतात

हा गुंता सोडवायची शास्त्रशुद्ध खटपट आधीपासून चालू होती. २००० च्या सुमारास डॅलस मॅव्हरिक्ससाठी वेन विन्स्टन आणि जेफ सॅगरिन यांनी असं काम केलं. २००४ मध्ये डॅन रोझेनबॉम या अर्थतज्ज्ञाने रीत उघड मांडली. दहाही खेळाडू न बदलता खेळलेला प्रत्येक तुकडा म्हणजे एक समीकरण : डावीकडच्या पाचांची किंमत वजा उजवीकडच्या पाचांची किंमत बरोबर त्या तुकड्यातला फरक. मोसमात असे हजारो तुकडे, आणि अज्ञात किमती काहीशे. सगळी समीकरणं एकदम सोडवली की प्रत्येकाचा स्वतःचा वाटा निघतो, सोबत्यांचा आणि समोरच्यांचा वजा करून. हा झाला ॲडजस्टेड प्लस-मायनस.

ऐकायला छान आहे, पण सतत जोडीने खेळणाऱ्यांपाशी ते अडखळतं. दोघांच्या बेरजेची किंमत पक्की निघते, वाटणी मात्र हेलकावे खाते : एका वर्षी एकाला अधिक वीस आणि दुसऱ्याला वजा दोन, पुढच्या वर्षी उलटं. जो सिल यांनी २०१० मध्ये त्यावर उतारा मांडला. पुरावा थोडा असेल तर प्रत्येकाची किंमत सरासरीकडे ओढून घ्यायची, टोकाचे आकडे भरपूर पुराव्याशिवाय मानायचेच नाहीत. त्याने हेलकावे थांबले. पण किंमतही मोजावी लागली : जोडीतला वाटा जिथे खरंच कळत नाही, तिथे हे तंत्र दोघांना जवळपास सारखा वाटून देतं. करी आणि ग्रीनच्या बाबतीत नेमकी तीच भीती. माझं मत असं, की यंत्राला जे कळत नाही ते कळायला डाव बघावा लागतो, आणि वर वर्णन केलेल्या डावात आधी काय घडतं ते पाहा : दोन बचावपटू करीवर धावतात. ग्रीनची हुशारी त्यानंतर सुरू होते. बचावात मात्र ग्रीनला कोणाची गरज नाही. म्हणून मी आक्रमणातल्या श्रेयाचा मोठा वाटा करीला देईन, बचावातला ग्रीनला, आणि बेरजेत करी वर.

हे मत तपासायची संधी चार वर्षांनी आली. २०१९-२० मध्ये केव्हिन ड्युरंट संघ सोडून गेलेला, थॉम्पसन गुडघ्याच्या दुखापतीने मोसमभर बाहेर, आणि करीचा हात चौथ्याच सामन्यात मोडला. तो मोसमात पाचच सामने खेळला. ग्रीन ४३ खेळला. वॉरियर्स १५ जिंकले, ५० हरले, लीगमध्ये शेवटून पहिले. ग्रीनचे गुण सामन्याला आठवर आले. तोच स्क्रीन लावत होता, त्याच फ्री थ्रो रेषेपाशी चेंडू मागत होता. पण चेंडूवाल्यावर आता एकच बचावपटू जात होता, आणि ग्रीनचा गडी मागे थांबून पेंट राखत होता. चाराला तीन कधी होतच नव्हते. सोबतचे बहुतेक कोवळे, काही तर लीगमध्ये टिकतील की नाही याचीच चिंता करणारे. त्या वर्षीचा ग्रीनचा प्लस-मायनस बघून त्याला टाकाऊ ठरवणं हे २०१६ मध्ये त्याला करीच्या वर बसवण्याइतकंच चूक होतं.

वॉरियर्सच्या व्यवस्थापनाने ती चूक केली नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांनी ग्रीनचा करार वाढवला होता आणि १५-५० नंतरही त्याला ठेवला. करी आणि थॉम्पसन परतल्यावर २०२१-२२ मध्ये त्याच तिघांच्या भोवती संघाने ५३ सामने जिंकले आणि जूनमध्ये बॉस्टनला हरवून विजेतेपद घेतलं. त्या अंतिम मालिकेत ग्रीनने सामन्याला सहा-सात गुणच केले.